चिठ्ठीला मुदत किती?

काशीत औषधाच्या दुकानात मराठी बोलणारी बाई दिसली की यात्रेकरूंचा जीव भांड्यात पडतो. मैदागिनजवळच्या ज्या दुकानात मी फार्मासिस्ट आहे, तिथे हे रोजचंच. दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांत आमच्यासारखी मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. घरात मराठी, गल्लीत बनारसी, दुकानात समोरचा बोलेल ती भाषा. ‘ताई, तुम्ही आपल्याकडच्या का?’ अशी सुरुवात होते. गाव कुठलं, महानगरीनं आलात की ज्ञानगंगेनं, दर्शनाला किती वेळ लागला, एवढं झालं की प्लॅस्टिकच्या पिशवीतून डॉक्टरची चिठ्ठी निघते. घड्यांवर विरलेली, मागे कुणाचा तरी फोन नंबर लिहिलेली. मग जरा आवाज खाली आणून प्रश्न येतो, ‘जुनी आहे जरा. चालेल ना?’

बीपीच्या गोळीसाठी हे कुणी विचारत नाही. विचारतात ते झोपेच्या गोळीसाठी, फिटच्या गोळीसाठी, ट्रॅमाडॉलसारख्या जोरकस वेदनाशामकासाठी. गावाकडच्या मेडिकलवाल्यानं कधीतरी नकार दिलेला असतो, म्हणून विचारतात. या प्रश्नाला काउंटरवर जी उत्तरं मिळतात ती गोळा केली तर गंमत वाटेल. कुणी सांगतो एक महिना, कुणी तीन, कुणी सहा. ‘चिठ्ठी वर्षभर चालते’ असं छातीठोकपणे सांगणारेही भेटतात. यातला एकही आकडा कायद्यात नाही.

कायद्यात काय आहे ते सांगते. औषध नियम १९४५ सालचे. त्यातला पासष्टावा नियम आम्हा दुकानदारांसाठी. चिठ्ठी लेखी हवी, तिच्यावर डॉक्टरची सही आणि तारीख हवी, रुग्णाचं नाव-पत्ता हवा, औषध एकूण किती द्यायचं आणि कसं घ्यायचं ते हवं. अशी चिठ्ठी एकदाच वापरायची. पुन्हा द्यायचं असेल तर तसं डॉक्टरनं चिठ्ठीवरच लिहिलेलं हवं, आणि किती वेळा किंवा किती दिवसांनी हे लिहिलं असेल तर त्याच हिशेबानं द्यायचं. औषध देताना दुकानदारानं डॉक्टरच्या सहीच्या वर आपल्या दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख नोंदवायची. बस. चिठ्ठी अमुक दिवसांनी बाद होते, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही.

आता याचा अर्थ लावून पाहा. काल लिहिलेली, कालच औषध घेतलेली चिठ्ठी आज संपली. आणि दोन वर्षांपूर्वी लिहिलेली, पण कधी दुकानात न नेलेली चिठ्ठी कागदोपत्री अजून जिवंत! तारीख लिहायलाच हवी म्हणायचं आणि त्या तारखेचं करायचं काय हे सांगायचंच नाही, असा हा नियम आहे. मधली सगळी जागा दुकानदाराच्या स्वभावावर सोडलेली आहे. भित्रा दुकानदार आजची चिठ्ठीही परत करतो, लोभी दुकानदार चिठ्ठीशिवायही देतो. प्रामाणिक दुकानदार दोघांच्या मधे उभा राहून गिऱ्हाइकाचा चेहरा वाचत बसतो. चेहरा वाचून औषध द्यायचं असेल तर माझ्या पदविकेचा उपयोग काय?

वाचकांसाठी एक खूण. पुढच्या वेळी गोळ्यांची पट्टी हातात आली की वरचा डावा कोपरा बघा. लाल अक्षरांत ‘एनआरएक्स’ असेल तर ते औषध १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, ‘एक्सआरएक्स’ असेल तर शेड्यूल एक्समधलं. एक्सचं औषध ठेवायला वेगळा परवाना लागतो, माल कुलपात ठेवावा लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि तिची एक प्रत दुकानात दोन वर्षं जपावी लागते. मुलांच्या अतिचंचलतेवरचं मिथाइलफेनिडेट यातच येतं. ते ठेवणारी दुकानं मोठ्या शहरातही बोटांवर मोजण्याइतकी. त्याशिवाय मार्च २०१४ पासून शेड्यूल एच१ आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम, ट्रॅमाडॉल, कोडीन आणि बरीच भारी प्रतिजैविकं त्यात आहेत. ही औषधं दिली की डॉक्टर, रुग्ण, औषध आणि नग वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं सांभाळायची. माझी वही जाड पुठ्ठ्याची, लाल कापडाच्या कण्याची, चौकातल्या स्टेशनरीवाल्याकडे हिशेबासाठी मिळते तीच. डाव्या पानावर तारीख आणि नाव, उजव्या पानावर औषध आणि संख्या. तपासणीला आलेले साहेब प्रथम ही वही मागतात. पण वहीतही चिठ्ठीची तारीख लिहायला कुणी सांगितलेलं नाही. मी आपली लिहिते.

मागच्या थंडीत साताऱ्याकडचं एक जोडपं आलं होतं. काकूंना लहानपणापासून फिट येण्याचा त्रास. इतर औषधांबरोबर क्लोबाझाम चालू. गोळ्यांचा डबा प्रवासात हरवला होता, आदल्या रात्रीचा डोस चुकला होता. चिठ्ठी चौदा महिन्यांपूर्वीची. तिच्यावर गावच्या मेडिकलचे इतके शिक्के बसले होते की डॉक्टरची सही शोधावी लागत होती. म्हणजे नियमानुसार ती चिठ्ठी पहिल्या शिक्क्यालाच संपली होती, आणि त्यानंतर वर्षभर गावचा दुकानदार, डॉक्टर आणि काका तिघंही ती जिवंत समजत होते. काकांनी गावच्या डॉक्टरांना फोन लावून माझ्या हातात दिला. ‘द्या हो, मी सांगतो ना,’ डॉक्टर म्हणाले. सांगणं म्हणजे चिठ्ठी नव्हे. मी शेजारच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे त्यांना पाठवायचं ठरवलं, पण ते संध्याकाळी सहाला बसतात. दुपारचे दोन वाजले होते. काकू दुकानातल्या स्टुलावर बसून राहिल्या. काका दर दहा मिनिटांनी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते. फिटचं औषध एकदम थांबलं की झटके उलटून येतात, कधी एकामागून एक येतात आणि थांबत नाहीत. हे काकांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. नियमाला मात्र माहीत नाही. सहाला डॉक्टर आले, त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली, साडेसहाला गोळी पोटात गेली. त्या साडेचार तासांत काही झालं नाही, हे नशीब.

बरं, कुणाला वाटेल की मी नियम सैल करा म्हणते आहे. मुळीच नाही. याच दुकानात इस्त्रीच्या कपड्यांतले, अत्यंत सभ्य बोलणारे एक गृहस्थ यायचे. अल्प्राझोलामच्या चिठ्ठीची रंगीत झेरॉक्स, इतकी सुबक की सहीची शाई ओली वाटावी. तीच चिठ्ठी आसपासच्या दुकानांतही फिरत होती, हे आम्हा दुकानदारांच्या आपसातल्या बोलण्यातून पुढे कळलं. झोपेच्या आणि चिंतेच्या या गोळ्यांची सवय शरीराला काही आठवड्यांत लागते. डोस वाढत जातो. म्हातारी माणसं रात्री उठताना धडपडतात, मांडीचं हाड मोडून घेतात. मूळ डॉक्टरनं दोन आठवड्यांसाठी लिहिलेली गोळी पाच वर्षं चालू असल्याच्या चिठ्ठ्या मी बघते. डॉक्टर निवृत्त झाले, गोळी चालूच. अशा चिठ्ठीला मुदत हवीच. ती नसल्यामुळे मी ‘नाही’ म्हणते तेव्हा गिऱ्हाईक मला विचारतं, ‘कुठे लिहिलंय?’ आणि दाखवायला माझ्याकडे काही नसतं.

आता थोडं आमच्या शहराबद्दल. आमच्या दुकानापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर सप्तसागरचा औषधांचा ठोक बाजार आहे. पूर्वांचलच्या गावागावांत जाणारं औषध तिथून सुटतं. २०२५ च्या अखेरीस कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाच्या चोरट्या व्यापाराची प्रकरणं उत्तर प्रदेशात बाहेर आली आणि वाराणसीचं नाव त्यात ठळक झालं. गुन्हे नोंदले गेले, परवाने तपासले गेले, पुढे सक्तवसुली संचालनालयही उतरलं. खटल्यांचं काय व्हायचं ते न्यायालयात होईल. मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. आरोप आहेत ते ठोक परवान्यांवरच्या, बिलांवरच्या, ट्रकांतल्या मालाबद्दल. कुण्या म्हाताऱ्याच्या जुन्या चिठ्ठीवर एकेक बाटली घेऊन असा व्यापार उभा राहत नाही. तरी धाक बसला तो काउंटरवर. ओळखीच्या काही दुकानांनी कोडीनच काय, ट्रॅमाडॉल आणि अल्प्राझोलाम ठेवणंही बंद केलं. ‘कशाला झंझट?’ हा त्यांचा सवाल. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्याशांची तर काशीत काय वाण!

या धाकाचा इतिहास आपल्याकडे जुना आहे आणि तो फार वाईट आहे. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा आला तेव्हा शिक्षा इतक्या कडक होत्या आणि राज्याराज्यांचे परवाने इतके निरनिराळे होते की रुग्णालयांनी आणि दुकानांनी मॉर्फीन ठेवणंच सोडलं. देशातला मॉर्फीनचा वैद्यकीय वापर शेकडो किलोंवरून १९९७ च्या सुमारास १८ किलोंवर घसरला. कर्करोगाचे रुग्ण कमी झाले नव्हते, वेदना कमी झाली नव्हती. डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्या केरळातल्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फीन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन अशा सहा औषधांना आवश्यक अमली औषधांचा दर्जा मिळाला आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मंजुरी पुरेशी ठरली.

हे मी का सांगते? आमच्या शहरापासून गंगेच्या खालच्या अंगाला सत्तर-ऐंशी किलोमीटरवर गाझीपूर आहे. तिथे १८२० मध्ये कंपनी सरकारनं काढलेला अफूचा कारखाना आजही सरकारी कारखाना म्हणून उभा आहे; शेतकऱ्यांकडून परवान्यावर घेतलेल्या अफूतून मॉर्फीन आणि कोडीन तिथे निघतं. वेदनेवरचं औषध उशाशी तयार होतं. आणि काशी म्हणजे तर माणसं शेवटच्या दिवसांसाठी येतात ते गाव. गोदौलियाजवळच्या मुक्तिभवनात मरणासन्न माणसाला साधारण पंधरवडाभर जागा मिळते. अशा वेळी महाराष्ट्रातून आलेला मुलगा परळच्या टाटाची चिठ्ठी घेऊन आमच्या काउंटरवर उभा राहतो. वडिलांच्या हाडांत कर्करोग उतरलेला, मॉर्फीनच्या गोळ्या आज रात्री संपणार. मला त्याला सांगावं लागतं की ही चिठ्ठी नवी असली तरी साध्या दुकानात तिचा उपयोग नाही, मॉर्फीन आम्ही ठेवत नाही. मग मी रस्ता सांगते. बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारातलं महामना पंडित मदनमोहन मालवीय कर्करोग केंद्र आणि लहरतारातलं होमी भाभा कर्करोग रुग्णालय, दोन्ही टाटा मेमोरियल सेंटरचीच. पहिलं २०१९ मध्ये सुरू झालं, दुसरं रेल्वेच्या जुन्या रुग्णालयातून २०१८ मध्ये. तिथे रुग्णाचे कागद घेऊन जा, नोंद करा. हे त्याला परळहून निघतानाच कुणी सांगितलं असतं तर वडिलांची एक रात्र वाचली असती. फोनवरूनही काम होत नाही, कारण २०२० च्या टेलिमेडिसिनच्या सूचनांनुसार मॉर्फीनसारखी अमली औषधं आणि शेड्यूल एक्समधली औषधं दूरवरून लिहिता येत नाहीत. ते योग्यच आहे, पण त्यामुळे हातातल्या कागदाचं मोल वाढतं.

दुसरीकडे काय करतात? ब्रिटनमध्ये साधी चिठ्ठी सहा महिने चालते. नियंत्रित औषधांच्या बहुतेक वर्गांची चिठ्ठी २८ दिवसांत बाद होते. अमेरिकेत झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या ज्या वर्गात येतात त्यांची चिठ्ठी सहा महिने चालते आणि तेवढ्यात जास्तीत जास्त पाच वेळा पुन्हा औषध मिळतं. मॉर्फीनच्या वर्गाला मात्र दर वेळी नवी चिठ्ठी. आकडे त्यांचे त्यांच्याजवळ. मला हेवा वाटतो तो ब्रिटनमधल्या दुसऱ्याच एका तरतुदीचा. रुग्णाला ते औषध आधीपासून चालू आहे अशी खात्री पटली आणि डॉक्टर तातडीनं भेटत नसेल, तर तिथला फार्मासिस्ट स्वतःच्या जबाबदारीवर थोडं औषध देऊ शकतो. बहुतेक नियंत्रित औषधं यातून वगळलेली आहेत, पण फिटसाठी लागणारं फिनोबार्बिटोन पाच दिवसांपुरतं देता येतं. साताऱ्याच्या काकूंना पाच दिवस नको होते, चार तास हवे होते.

आपल्याकडे असं काही सुचवलं की लगेच उत्तर येतं, आमचे केमिस्ट त्याचा गैरवापर करतील. करतील काही. भिंतीवर फार्मासिस्टचं प्रमाणपत्र आणि गल्ल्यावर मालकाचा भाचा, अशी दुकानं या शहरात आहेत, पुण्या-नागपुरातही आहेत. महेश झगडे महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते तेव्हा त्यांनी फार्मासिस्ट हजर हवा, चिठ्ठीशिवाय औषध नको, बिल हवंच, एवढाच आग्रह धरला. म्हणजे जे आधीपासून कायद्यात होतं तेच. त्यावर केमिस्टांनी दुकानं बंद ठेवली. माझ्या व्यवसायाबद्दल मला जे प्रेम आहे ते यामुळे कमी होत नाही, पण आमच्या संघटना मुदतीबद्दल कधी तोंड उघडत नाहीत हेही खरं. मोघम नियम सगळ्यांच्या सोयीचा असतो. दुकानदाराला विकायलाही बरा आणि नाकारायलाही, निरीक्षकाला तर दोन्हीकडून धरायला.

माझं म्हणणं सरळ आहे. नियमात आकडा घाला. झोपेच्या, चिंतेच्या गोळ्या आणि अमली वेदनाशामकं यांची चिठ्ठी लिहिल्यापासून ३० दिवसांत वापरली नाही तर बाद. फिटसारख्या जन्मभराच्या आजाराची चिठ्ठी, डॉक्टरनं किती वेळा ते लिहिलं असेल तर, सहा महिने. आणि चालू असलेलं फिटचं औषध तुटत असेल तर वहीत नोंद करून, ओळखपत्र पाहून तीन दिवसांपुरतं देण्याचा अधिकार हजर असलेल्या फार्मासिस्टला. प्रमाणपत्र टांगून घरी बसलेल्याला नव्हे.

तोवर डॉक्टरांना हात जोडून विनंती. पुन्हा औषध देण्याची सोय १९४५ पासून नियमात आहे. ती तुम्ही वापरतच नाही. ‘दर ३० दिवसांनी, एकूण ६ वेळा’ एवढं सहीजवळ लिहिलंत की गावचा दुकानदारही सुटला, मीही सुटले. औषधाचं मूळ नाव सुट्या मोठ्या अक्षरांत लिहा. नोंदणी क्रमांकाचा शिक्का उमटला आहे ना ते बघा, कारण परराज्यातल्या दुकानदाराला तुमची ओळख तेवढीच.

आणि काशीला निघालेल्या मंडळींनो, निघण्याच्या आठवड्यात डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी घ्या. महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत डॉक्टरची चिठ्ठी उत्तर प्रदेशात चालत नाही असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे; नियम राज्याराज्यांत भेद करत नाही. मूळ कागद आणा, मोबाइलमधला फोटो जोडीला असू द्या, पण फोटोवर विसंबू नका. गोळ्या मूळ पट्टीतच ठेवा, डब्यात सुट्या करू नका. मनावर परिणाम करणारी, एनआरएक्सवाली औषधं एका वेळी १०० मात्रांपर्यंत जवळ बाळगता येतात. लांबच्या उपचारासाठी डॉक्टरनं मुद्दाम लिहिलं असेल तर ३०० पर्यंत. तेव्हा निम्म्या गोळ्या एका पिशवीत आणि निम्म्या दुसऱ्या माणसाच्या पिशवीत ठेवा, ट्रंकेत नको. घरात कर्करोगाचा रुग्ण असेल आणि त्याला घेऊन यायचं असेल, तर निघण्याआधी तिकडच्या वेदनाशमन विभागातून इथल्या रुग्णालयाच्या नावानं पत्र घ्या. रविवारी सकाळी काशीत पोचाल अशी गाडी मात्र धरू नका, त्या दिवशी आमच्या भागातले बहुतेक दवाखाने बंद असतात.